माफक खर्चाचा गेमिंग संगणक: घटकांच्या निवडीचा आढावा

ग्रँट रोड स्थानकाजवळच्या ज्या रस्त्याला सरकारदरबारी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव आहे, परंतु ज्याला मुंबईकर आजही लॅमिंग्टन रोड या जुन्याच नावाने ओळखतात, त्या रस्त्यावरील संगणकाच्या दुकानांत सुटीच्या दिवसांत गेले असता एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. वडिलांबरोबर आलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा खिशातून घडी घातलेला कागद काढतो. त्यावर प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट आणि मॉनिटर अशा आठ बाबी एकाखाली एक लिहिलेल्या असतात. आणि दुकानदाराने भाव घालून बेरीज मांडली की ती घरातून मंजूर झालेल्या रकमेच्या पाच-सहा हजार रुपये पुढे जाते. मग कपात सुरू होते, आणि ती बहुधा कागदाच्या खालच्या टोकाकडून होते. ज्या जिन्नसांची नावे मित्रमंडळीत सांगण्याजोगी नसतात ते एकेक करून हलके होत जातात, आणि प्रोसेसरच्या नावाला मात्र धक्का लागत नाही. माफक खर्चात जुळवलेल्या पुष्कळ संगणकांचे पुढे जे हाल होतात त्यांचे मूळ मला या कपातीच्या क्रमात दिसते. म्हणून प्रस्तुत आढाव्याचा आरंभ मी कागदाच्या शेवटच्या ओळीपासून, म्हणजे मॉनिटरपासून करतो.

मॉनिटरवर जेवढे चित्रबिंदू असतील तेवढे दर क्षणी रंगवण्याची जबाबदारी ग्राफिक्स कार्डावर पडते, आणि म्हणून पडद्याचा आकडा ठरला की उरलेल्या खर्चाची दिशा आपोआप ठरत जाते. १९२० × १०८० या मापाच्या पडद्यावर २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात, तर २५६० × १४४० या मापावर ३६ लाख ८६ हजार ४००, म्हणजे जवळजवळ पावणेदोनपट. ज्याचा एकूण खर्च साठ हजारांच्या आसपास आहे त्याने पहिल्या मापावर समाधान मानावे असे माझे स्पष्ट मत आहे. कारण मोठ्या पडद्याचा मोह दुकानात एकदाच होतो, पण त्याचा भार कार्डाला रोज वाहावा लागतो. गतीचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे. सेकंदाला ६० फ्रेम दाखवायच्या तर प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंदांचा अवधी मिळतो आणि १४४ दाखवायच्या तर अवघा ६.९ मिलिसेकंदांचा, आणि या अवधीत केवळ कार्डाचेच नव्हे तर प्रोसेसरचेही काम उरकावे लागते. त्यामुळे ज्याला व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे चुरशीचे खेळ खेळायचे आहेत त्याचा खर्च प्रोसेसर आणि १४४ हर्ट्झचा पडदा यांकडे झुकतो, आणि ज्याला सायबरपंक २०७७ सारख्या विस्तीर्ण नगरीत एकट्याने हिंडायचे आहे त्याचा खर्च कार्डाकडे झुकतो. या दोहोंपैकी आपण कोण, हे मुलाने घरातून निघण्यापूर्वीच ठरवलेले असावे. दुकानाच्या काउंटरवर उभे राहून ते ठरत नाही.

पडदा जमेस धरून साठ हजारांची वाटणी मी साधारणतः अशी करीन: कार्डाला पस्तीस टक्के, प्रोसेसर आणि मदरबोर्ड मिळून पंचवीस, पडद्याला पंधरा, रॅम आणि एसएसडी मिळून पंधरा, आणि उरलेले दहा एसएमपीएस व कॅबिनेट यांना. भाव हलतात तसे हे प्रमाणही थोडेफार हलेल, परंतु शेवटचे दहा टक्के मात्र हलवू नयेत.

ग्राफिक्स कार्डाच्या बाबतीत ग्राहकाची जी फसगत होते ती अज्ञानामुळे जितकी होते तितकीच नावांच्या साधर्म्यामुळे होते. एकाच नावाखाली दोन वेगळे जिन्नस विकण्याचा शिरस्ता या धंद्यात पुरता रुळला आहे. आरटीएक्स ३०६० हे कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये १२ जीबी स्मृती घेऊन आले. पुढच्या वर्षी त्याच नावाने ८ जीबीचे निघाले, आणि त्यात स्मृतीचा मार्ग १९२ बिटांवरून १२८ बिटांवर आणल्यामुळे ते खेळात सरळ मागे पडते. आरटीएक्स ३०५० चीही तीच कथा: जानेवारी २०२२ चे मूळ कार्ड ८ जीबीचे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे, गणनकेंद्रे कमी असलेले. आरएक्स ५८० या नावाखाली २३०४ गणनकेंद्रांचे मूळ कार्ड आणि २०४८ केंद्रांचे चीनच्या बाजारासाठी काढलेले कार्ड अशी दोन्ही मिळतात, व जुन्या मालाच्या दुकानांत ती शेजारी-शेजारी मांडलेली असतात. म्हणून खोक्यावरील मोठ्या अक्षरांपाशी न थांबता स्मृतीचे प्रमाण आणि मार्गाची रुंदी यांची खातरजमा करूनच पैसे मोजावेत.

स्मृतीची किमान मर्यादा आज मी ८ जीबी मानतो. चार जीबीच्या कार्डावर नवा खेळ सुरू होतो, पहिली पाच मिनिटे ठीक चालतोही. पण भिंतींवरचे, कपड्यांवरचे पोत एकाएकी धूसर होऊ लागतात आणि वळण घेताना चित्र अडखळते, कारण कार्डात न मावलेला मजकूर मदरबोर्डाच्या मार्गाने मुख्य रॅममधून पुन्हा पुन्हा मागवावा लागतो. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डात हे दोन दोष एकत्र आले: स्मृती चार जीबी, आणि मदरबोर्डाशी जोडणाऱ्या मार्गिका केवळ चार. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर हे कसेबसे निभावते. परंतु स्वस्त कार्ड घेणाऱ्याच्या घरी असतो तो बहुधा तिसऱ्या पिढीचा जुना बोर्ड, आणि तिथे या मार्गाची वहनक्षमता निम्म्यावर येते. ज्याच्यासाठी वस्तू स्वस्त केली त्याच्याच घरी ती सर्वांत कमी उपयोगी पडावी, हा मला या वर्गातील सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

याउलट ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेले आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे, १३२ वॅटांत भागणारे कार्ड पुढे किंमत उतरल्यावर अनेक वर्षे माफक खर्चाच्या ग्राहकाचा आधार ठरले आहे, आणि जिथे ते योग्य भावात मिळते तिथे आजही त्याची शिफारस करायला मला संकोच वाटत नाही. जून २०२३ चे आरटीएक्स ४०६० अधिक महाग, पण ११५ वॅटांत चालणारे. त्याची डीएलएसएस ही सोय, म्हणजे लहान चित्र रंगवून गणिताने ते मोठे करण्याची युक्ती, आजवर पाहिलेल्या अशा युक्त्यांत उजवी आहे. इंटेलचे आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये १२ जीबी स्मृती देऊन आले तेव्हा या वर्गात अशी उदारता दुर्मीळ होती. परंतु मदरबोर्डात रीसायझेबल बार ही सुविधा चालू नसेल, किंवा प्रोसेसर जुना असेल, तर हे कार्ड आपल्या योग्यतेच्या बरेच खाली उतरते, ही अट विकणाऱ्याने आवर्जून सांगायला हवी. आणखी एक नवी अडचण ध्यानात घ्यावी लागते. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (डिसेंबर २०२४) आणि डूम: द डार्क एजेस (मे २०२५) हे खेळ किरणमार्गणाची, म्हणजे रे ट्रेसिंगची, यंत्रणा कार्डातच असल्याखेरीज चालत नाहीत, त्यामुळे जीटीएक्स १६६० सारखे एके काळचे मातबर कार्ड, अंगात जोर शिल्लक असूनही, या खेळांना अपात्र ठरते. जुने कार्ड स्वस्तात मिळते म्हणून हुरळून जाणाऱ्याने हा पात्रतेचा प्रश्न आधी विचारावा.

जुन्या कार्डांचा विषय निघाला की आभासी चलनाच्या उत्खननाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर चालणारे त्याचे उत्खनन एका दिवसात निरर्थक झाले, आणि अहोरात्र राबलेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात उतरली. अशा कार्डांना सरसकट त्याज्य ठरवणे मला पटत नाही. चिपपेक्षा पंख्यांच्या बेअरिंगा आणि स्मृतीवरचे थर्मल पॅड आधी झिजतात, व ते बदलता येतात. मात्र असे कार्ड आपल्या डोळ्यांसमोर अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय, जीपीयू-झेड या साधनाने ते बनावट नाही ना याची तपासणी केल्याशिवाय, आणि कार्डावरचा अनुक्रमांक मूळ बिलावरील अनुक्रमांकाशी जुळतो की नाही हे पाहिल्याशिवाय घरी आणू नये.

प्रोसेसरविषयी फार विस्तार करण्याचे कारण नाही, कारण या वर्गात निवड सोपी झालेली आहे. सहा गाभ्यांचा आणि बारा धाग्यांचा रायझन ५ ५६०० (एप्रिल २०२२) किंवा तशाच बांध्याचा इंटेलचा आय५-१२४००एफ (जानेवारी २०२२) यांपैकी जो बोर्डासह स्वस्त पडेल तो घ्यावा. चार गाभ्यांचा आय३-१२१००एफ खर्च फारच आवळायचा असेल तेव्हाच. इंटेलच्या नावातील शेवटच्या ‘एफ’ या अक्षराचा अर्थ मात्र समजून घ्यावा. या प्रोसेसरात चित्र दाखवण्याची स्वतःची सोय नसते. त्यामुळे कार्ड दुरुस्तीसाठी वॉरंटीत गेले, आणि जिल्ह्याच्या गावाहून गेलेले कार्ड परत यायला कधी कधी महिना लागतो, तर तेवढे दिवस संगणक मुका होऊन बसतो व मुलाचा अभ्यासही अडतो. भावातील फरक थोडा असेल तर इंटेलचा ‘एफ’ नसलेला प्रोसेसर घेणे मी शहाणपणाचे समजतो. ज्यांना कार्डाचे पैसे आज जमत नाहीत त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२१ चा रायझन ५ ५६००जी हा एक मार्ग आहे: त्यात बरे ग्राफिक्स अंगभूत आहे, हलके खेळ त्यावर चालतात, आणि कार्ड पुढच्या वर्षी बसवता येते. त्याची एल-३ कॅश ५६०० च्या निम्मी, म्हणजे १६ एमबी, आणि पीसीआय मार्ग तिसऱ्या पिढीचा आहे, हे गृहीत धरूनच हा टप्प्याटप्प्याचा बेत आखावा.

मदरबोर्ड निवडताना जुना एएम४ की नवा एएम५, हा वाद आता रॅमच्या भावावर येऊन ठेपला आहे. एएम४ हा साचा २०१६ पासूनचा आणि डीडीआर४ वर चालणारा. एएम५ सप्टेंबर २०२२ चा, आणि तो केवळ डीडीआर५ स्वीकारतो. भविष्याची वाट एएम५ कडे मोकळी आहे यात शंका नाही. परंतु २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृतीच्या चिपा उचलायला सुरुवात केल्यापासून डीडीआर५ चे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पलीकडे गेले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीने तर क्रूशियल या नावाची आपली सर्वसामान्य ग्राहकांसाठीची विक्रीच बंद करण्याचे जाहीर केले. डीडीआर४ ही महागली. पण ज्याच्या घरी जुन्या संगणकातील डीडीआर४ च्या पट्ट्या पडून आहेत त्याला एएम४ चा किंवा डीडीआर४ घेणारा इंटेलचा बोर्ड आज हजारो रुपये वाचवून देतो. बोर्ड बी५५० असेल तर चौथ्या पिढीचा मार्ग मिळतो. ए५२० आणि बी४५० यांवर तिसऱ्या पिढीचा. जुन्या बी४५० वर ५६०० बसवायचा असेल तर दुकानदाराकडून बायोस तिथल्या तिथे अद्ययावत करून घ्यावा.

रॅम १६ जीबीपेक्षा कमी नको, आणि ती ८ च्या दोन पट्ट्यांत हवी. एकच १६ ची पट्टी घेऊन दुसरी जागा पुढे भरू, असा विचार पुष्कळजण करतात. परंतु दोन पट्ट्या एकाच वेळी दोन मार्गांनी मजकूर पुरवतात, एक पट्टी एकाच मार्गाने, आणि खेळात, विशेषतः सर्वांत मंद फ्रेमांच्या बाबतीत, हा फरक हाताला जाणवतो. एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई प्रकारची घ्यावी. आज एकेक खेळ १०० जीबीच्या पुढे जातो. तिसऱ्या पिढीची साधी एसएसडी सेकंदाला सुमारे ३५०० एमबी वाचते, त्याहून वेगवान असलेलीला जादा पैसे मोजून खेळात काही पदरात पडत नाही.

आता मी त्या बाबीकडे येतो जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. गेल्या उन्हाळ्यात जळगावला बहिणीकडे गेलो असता भाच्याने मला त्याच्या नव्या संगणकासमोर बसवले. “मामा, खेळ सुरू केला की दहा मिनिटांत आपोआप बंद पडतो. दुकानदार म्हणतो, विंडोज पुन्हा टाका. दोनदा टाकून झालं.” मी कॅबिनेटची बाजूची काच काढली. आत ५६०० होता, आरएक्स ६६०० होते, सगळे उत्तम. आणि तळाशी एक एसएमपीएस होता, ज्याच्या अंगावर ४५० वॅट असे ठळक छापलेले होते. तो सोडवून हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका लागला. बाजूला चिकटवलेल्या तक्त्यावर बारीक अक्षरांत १२ व्होल्टांच्या रांगेसमोर १६ अँपिअर लिहिले होते. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. संगणकातील प्रोसेसर आणि कार्ड हे दोघेही आपली बहुतेक सारी वीज याच १२ व्होल्टांच्या रांगेतून घेतात. कार्डाला १३२ वॅट आणि प्रोसेसरला ७६ पर्यंत, म्हणजे या दोघांचीच मागणी २०८ वॅटांवर जाते, आणि पंखे व डिस्क अजून हिशेबात धरलेलेच नाहीत. चारशे पन्नासाचा आकडा इतर रांगांची बेरीज करून जुळवलेला होता. खेळ रंगात आला, मागणी वाढली, की वीज खाली बसत होती आणि यंत्र बंद पडत होते. ते बंद पडत होते म्हणूनच बाकीचे जिन्नस अद्याप शाबूत होते.

भाच्याला मी तो तक्ता वाचायला शिकवले, आणि तेच इथेही सांगतो. एकूण वॅट पाहू नयेत. १२ व्होल्टांच्या रांगेचे अँपिअर पाहावेत, त्यांना बाराने गुणावे, आणि तो आकडा एकूण आकड्याच्या अगदी जवळ येतो का ते पाहावे. चांगल्या ५५० वॅटांच्या एसएमपीएसमध्ये ही रांग जवळजवळ सारा भार एकटी पेलते. एटी प्लस हे २००४ पासूनचे प्रमाणपत्र विजेचा अपव्यय किती होतो एवढेच सांगते, संरक्षणाची हमी देत नाही. तथापि ज्या जिन्नसावर ते खरोखर आहे तो जिन्नस एका चाचणीतून गेलेला असतो, आणि या वर्गात तेवढीही खूण मोलाची आहे. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा एसएमपीएस मात्र घेऊच नये.

विजेचा विचार घराच्या भिंतीपर्यंत न्यायला हवा. अनवाणी उभे राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला असता बोटांना मुंग्या येतात, अशी तक्रार आपल्याकडे घरोघर ऐकू येते, व लोक ती संगणकाच्या माथी मारतात. वस्तुतः एसएमपीएसमधील गाळणीचे कपॅसिटर थोडा प्रवाह पत्र्याकडे सोडतात, जो अर्थिंगच्या तारेने जमिनीत जायचा असतो. तिसऱ्या पिनेच्या मागे तारच नसली की तो पत्र्यावर राहतो. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत ही तार पुष्कळदा नसते. संगणकावर साठ हजार घालणाऱ्याने वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. ज्या गावात वीज वारंवार जाते तिथे यूपीएसचीही तरतूद हवी. ६०० व्हीएचा साधा यूपीएस प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच पुरवतो, आणि खेळ चालू असताना त्यावर मिळतात ती मोजकी मिनिटे, संगणक रीतसर बंद करण्यापुरती.

कॅबिनेटच्या बाबतीत रंगीत दिव्यांपेक्षा पुढची जाळी पाहावी. चिपचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते. पुण्याच्या हिवाळ्यात जे कार्ड ६५ अंशांवर राहते तेच चंद्रपूरच्या मे महिन्यात पंधरा-वीस अंश वर जाणार, आणि समोर बंद काच असेल तर त्याहूनही वर. धुळीची जाळी महिन्यातून एकदा झटकावी.

ज्यांच्याजवळ पंचवीस-तीस हजारच आहेत त्यांच्यासाठी कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक हा एक विचार करण्याजोगा मार्ग आहे, पण तोही आता अरुंद झाला आहे. विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते, आणि व्हॅलोरंटसारखा खेळ विंडोज ११ वर टीपीएम व सिक्युअर बूट यांखेरीज उघडतच नाही. चौथ्या पिढीचे जे संगणक आज सात-आठ हजारांत पुढे केले जातात ते म्हणूनच स्वस्त आहेत. आठव्या पिढीचा मिळाला तरी त्याचा एसएमपीएस खास मापाचा असतो, कार्डाला वेगळी वीज देता येत नाही, आणि बोर्डाच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॅटांत भागेल असे कार्डच बसवावे लागते: ७० वॅटांचे आरटीएक्स ३०५० ६ जीबी या कामी येते, आणि ज्या कार्डाला मी वर कमअस्सल म्हटले त्याचे खरे स्थान इथे आहे. डबा अरुंद असेल तर कार्डही निम्म्या उंचीचे शोधावे.

खरेदीच्या व्यवहाराविषयी दोन शब्द. या सर्व जिन्नसांवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि कच्च्या बिलावर तो वाचवून देण्याची तयारी काही ठिकाणी दाखवली जाते. तो सौदा करू नये. कार्डाची वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते, आणि ती मागायला गेल्यावर पक्के बिल आणि त्यावरील अनुक्रमांक यांखेरीज कोणी दाद देत नाही. जुळणी दुकानातच करून घ्यावी, आणि निघण्यापूर्वी तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात, ज्या तिन्ही भाच्याच्या संगणकात चुकलेल्या आढळल्या: चार खाचांच्या बोर्डावर रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहेत ना, बायोसमध्ये एक्सएमपी चालू आहे ना, नाहीतर ३२०० ची रॅम तिच्याहून बऱ्याच मंद गतीने चालत राहते, आणि विंडोजमध्ये १४४ हर्ट्झचा पडदा ६० वर तर ठेवलेला नाही ना. मॉनिटरची केबल मदरबोर्डाला न लावता कार्डालाच लावलेली असावी, हे सांगण्याची गरज पडू नये, परंतु पडते.

भाग महिन्या-महिन्याने एकेक करून जमवण्याचा बेत काही घरांत आखला जातो. पगाराच्या हिशेबाने तो सोयीचा वाटतो. परंतु सदोष माल दुकानातून बदलून मिळण्याची मुदत बहुधा आठवड्याभराची असते, आणि जानेवारीत घेतलेला मदरबोर्ड मे महिन्यात प्रोसेसर आल्यावर पहिल्यांदा सुरू करून पाहिला, आणि तो मुका निघाला, तर ती मुदत कपाटात, न फोडलेल्या खोक्यातच संपून गेलेली असते.